स्मारोचा होकार

लाझारोसने ही गोष्ट पहिल्यांदा काढली तेव्हा स्मारो एका बाईच्या केसांना रंग लावत होती. भर दुपारी, बस ड्रायव्हरच्या गणवेशातच तो पार्लरच्या दारात येऊन उभा राहिला आणि जरा बाहेर येतेस का म्हणाला. स्मारोच्या हातात ब्रश होता, बोटं लाल झालेली. जे काय असेल ते इथेच सांग, वासोचं डोकं असं अर्धवट सोडून मला येता येणार नाही, असं ती म्हणाली. मग तो खाली मान घालून, वासोच्या देखतच बोलला. बिशपना हो म्हणावंसं वाटतंय म्हणाला.

वासो आरशातून एकदा त्याच्याकडे आणि एकदा स्मारोकडे बघत राहिली. ती काही बोलली नाही यावरूनच स्मारोला कळलं की हे गंभीर आहे. एरवी वासोचं तोंड पार्लरच्या ड्रायरपेक्षा जास्त चालायचं.

बिशप म्हणजे लांबच्या बेटांवरचे. वसंतात ते ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीला आले होते, कलामारिया या उपनगरातल्या लाझारोस-स्मारोच्या चर्चमध्ये सणाची उपासना त्यांनी केली, आणि तिथे लाझारोसचं गाणं ऐकलं. लाझारोस आठवडाभर समुद्रकाठच्या रस्त्याने बस चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचा. त्याचा आवाज ऐकायला पलीकडच्या वस्तीतली माणसंसुद्धा लवकर येऊन खुर्च्या धरायची. उपासना झाल्यावर कॉफी पिताना बिशपनी त्याला आपल्या एका बेटाची हकीकत सांगितली. लेप्सानो नावाचं बेट, तुर्कस्तानचा किनारा समोर दिसतो इतकं लांब. तिथला म्हातारा पाद्री वारला, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. समुद्र शांत असेल तेव्हा मोठ्या बेटावरून कोणीतरी बोटीने जाऊन उपासना करून यायचं. नसेल तेव्हा माणसं तशीच मरायची, पाद्रीविना. तुमच्यासारखा माणूस मिळाला तर बरं होईल, एवढंच ते म्हणाले होते, आणि दुसरी कॉफी मागितली होती.

लाझारोस घरी येऊन गप्प झाला होता तो तेव्हापासून. स्मारोला वाटलं होतं, पोटाचं काहीतरी असेल.

"देव बोलला का तुझ्याशी?" त्या संध्याकाळी तिने विचारलं. विचारताना तिला थोडं हसू येत होतं.

"बोलला नाही. सिग्नलला बस उभी होती. आणि कळलं."

"काय कळलं?"

"की जायला पाहिजे."

एवढंच. त्यापुढे त्याला काही सांगता येईना. तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी अचाट काही केलं नव्हतं. सुट्टीला दरवर्षी त्याच एका गावी जायचा, त्याच खानावळीत तोच मासा मागवायचा. असा माणूस सिग्नलला उभा असताना त्याला एकाएकी काहीतरी कळतं म्हणजे काय, हे स्मारोला समजेना. आणि त्याला कळतं तर आपल्याला का कळत नाही, हे त्याहून समजेना.

ती काही देव न मानणारी नव्हती. मेणबत्ती लावायची, उपास जमतील तेवढे करायची, वारलेल्या वडिलांच्या नावाने दरवर्षी गहू उकडून चर्चमध्ये न्यायची. पण तिचा देव कलामारियातला होता. त्या चर्चच्या डाव्या खांबाशी, जिथे तिची आई उभी राहायची तिथे, तो असायचा. पार्लरच्या आरशावर चिकटवलेल्या मरियेच्या चित्रात असायचा. त्याने कधी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तिला वाटायचं की दोघांचं बरं चाललंय.

तिच्या होकाराशिवाय काही होणार नव्हतं, हीच तर अडचण होती. त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात लग्न झालेल्या माणसालाही पाद्री करतात, पण त्याला बायकोचा होकार लागतो. बिशप स्वतः विचारतात आणि तिने नाही म्हटलं तर विषय तिथेच मिटतो. लाझारोसने हे तिला स्वतःच सांगितलं. "तू नाही म्हण, मी बस चालवीन," तो म्हणाला. "तुला एका शब्दाने टोचणार नाही. मनातसुद्धा धरणार नाही." आणि तो खरंच धरणार नाही हे तिला माहीत होतं. त्याने हट्ट केला असता तर तिला भांडता आलं असतं. भांडण्यात ती त्याच्यापेक्षा तयार होती. पण हा बाबा सगळं तिच्या पदरात टाकून मोकळा झाला होता, आणि आता तिला रात्रंदिवस वाटायचं की नाही म्हणावं तर कोणाला नाही म्हणतोय आपण, त्याला की आणखी कोणाला?

मुलगी पात्रा शहरात शिकत होती. ती फोनवर आधी खूप हसली, मग म्हणाली, बाबा दाढी वाढवणार का? मग म्हणाली, आई, तू काय करणार तिथे, बकऱ्यांचे केस कापणार? नंतर फोन ठेवताना तिचा आवाज बारीक झाला आणि सुट्टीत मी घरी येईन ते कुठे येईन, असं तिने विचारलं. 

खरी अवघड गाठ आईशी होती. पार्थेना आता अठ्ठ्याहत्तरची होती. तिची आई काळ्या समुद्राच्या पलीकडून, सगळी ग्रीक वस्ती तिथून उठवली तेव्हा, पार्थेनाच्या थोरल्या भावाला कडेवर घेऊन जहाजात बसली होती आणि मरेपर्यंत त्या सोडलेल्या घराच्या नावाने रडत होती. इथे जन्मलेली पार्थेना ते रडणं ऐकत मोठी झाली. लेकीने भीत भीत सगळं सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. सोलणं तिने थांबवलं नाही.

"आमच्या माणसांना हाकललं म्हणून ती निघाली," ती म्हणाली. "तुला कोण हाकलतंय?"

"कोणी नाही, आई."

"मग?"

 आईने सोललेल्या शेंगांचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि धुऊन आण म्हणाली.

उन्हाळाभर स्मारो खुणा शोधत राहिली. सकाळी पहिलं गिऱ्हाईक काळे केस करून घ्यायला आलं तर जायचं नाही, असं तिने एकदा ठरवलं आणि पहिली बाई आली ती नुसती वाट विचारायला आली. एकदा स्वप्नात तिला समुद्र दिसला, पण समुद्र तर खिडकीतूनही दिसायचाच. शेवटी ती आपल्या चर्चच्या म्हाताऱ्या पाद्रींकडे गेली. लहानपणापासून ती त्यांच्याकडेच पापांची कबुली द्यायची. सगळं ऐकून घेऊन ते बराच वेळ दाढी चोळत बसले आणि म्हणाले, मलाही माहीत नाही.

स्मारोला राग आला. तिने तो लपवलाही नाही. तुम्हालाच माहीत नसेल तर आम्ही कोणाच्या दारात जायचं, असं तिने तोंडावर विचारलं. म्हाताऱ्याने ते मनावर घेतलं नाही. "उत्तर नाही म्हणून घाबरू नकोस, पोरी," ते म्हणाले. "फक्त विचारतील तेव्हा खोटं बोलू नकोस. धीट आहेस असं दाखवू नकोस आणि देवभोळी आहेस असंही नको."

सप्टेंबरात बिशप पुन्हा शहरात आले आणि दोघांना त्यांनी बोलावलं. खोलीत पंखा घरघरत होता. लाझारोस बाहेर बसला होता, कारण बायकोला एकटीला विचारायची रीत होती. बिशपनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "लेकी, तुझं काय?"

नाही म्हणायचं असं ठरवून ती आली होती. बसच्या थांब्यापासून ते वाक्य तिने मनात घोळवलं होतं. ती म्हणाली, "मला काही कळलेलं नाही. त्याला कळलंय, मला नाही. मला जायचंही नाहीये."

"बरं."

"पण नाही म्हणवत नाही मला."

"मग मी काय समजू?"

"येते म्हणा," स्मारो म्हणाली, आणि आपल्याच तोंडून ते ऐकून तिलाच नवल वाटलं. बिशपनी शाबासकी दिली नाही की आशीर्वादाचं मोठं भाषणही केलं नाही. पाणी पिऊन घे, एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर लाझारोसने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आत काय झालं ते त्याला समजेना. तिने हो म्हटलं म्हणून सांगितल्यावर तो रस्त्यातच रडायला लागला. ती मात्र रडली नाही. तिला आपण कोणाला तरी फसवलंय असं वाटत होतं, फक्त कोणाला ते लक्षात येत नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. लाझारोसला दाढी आली, काळा झगा आला. त्याला पाद्री केलं त्या दिवशी त्याला हाताला धरून वेदीभोवती फिरवलं, आणि रीतीप्रमाणे लोक मोठ्याने म्हणाले, योग्य आहे, योग्य आहे. स्मारो डाव्या खांबाशी उभी होती. तिच्या ओठांतून तो शब्द निघाला की नाही हे तिला नंतर आठवेना. पार्लरच्या खुर्च्या एका दुकानदाराने नेल्या. वासोने शेवटचा रंग लावून घेतला आणि निघताना म्हणाली, "पाद्रीणबाई झालीस, पण तुझे ते लालभडक केस बेटावर चालतात का विचारून घे आधी. नाहीतर बुडवतील तुला." मग गळ्यात पडून खूप रडली.

लेप्सानोला पोचल्या दिवशी धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं, म्हणजे पन्नासेक माणसं. बायकांनी आधी लाझारोसचा हात चुंबला आणि मग सावकाश, वरपासून खालपर्यंत, स्मारोकडे बघितलं. केस त्यांनी बघितलेच. पाद्रींच्या घराला दोन खोल्या होत्या आणि दोन्ही ओल धरलेल्या. गाद्यांना समुद्राचा वास यायचा. स्मारोने पहिले आठ दिवस नुसते कपडे वाळत घातले.

रविवारी लाझारोस गायला. थेस्सालोनिकीत ज्या आवाजासाठी लोक खुर्च्या धरायचे तो आवाज इथे चार म्हाताऱ्यांपुढे लागला, आणि त्यातली एक बहिरी होती. उपासना संपल्यावर त्यातलीच एक स्मारोला म्हणाली, पाद्रीबाबा चांगले आहेत, पण फार लांबवतात. आमचे आधीचे पाऊण तासात उरकायचे, बकऱ्या वाट बघत असतात. स्मारोने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा लाझारोस खळखळून हसला. तेव्हा त्याला हसता येत होतं.

नोव्हेंबरात वारा सुरू झाला. बोट येईनाशी झाली, मग भाजी संपली, मग पीठ जपून वापरावं लागलं. आई फोनवर हवापाण्याचं विचारायची, दुसरं काही नाही. स्मारो दुपारी चर्चमध्ये जाऊन बसायची. तिथे ती डावीकडच्या खांबाशी उभी राहून बघायची, पण तो दुसराच खांब होता. देवा, असं म्हणून ती थांबायची आणि पुढे काय म्हणायचं हे तिला सुचायचं नाही. मी इथे काय करतेय, एवढा एकच प्रश्न यायचा, आणि तो विचारला तरी कोणी काही बोलायचं नाही.

जानेवारीत फोतिस मेला. बेटाच्या मागच्या अंगाला, डोंगरापलीकडे, तो आणि त्याची बायको झांबेता एवढीच दोघं राहायची. त्याला बरं नाही, मरणापूर्वीचा पवित्र प्रसाद हवाय, असा निरोप सकाळी घेऊन एक मेंढपाळ आला. पाऊस होता. लाझारोस प्रसादाची डबी छातीशी बांधून लगेच निघाला, पण डोंगरावर धुकं उतरलं होतं आणि तो शहरातला माणूस. वाट चुकून खाली दगडांत भलतीकडेच गेला. दुपारी तो फोतिसच्या दारात पोचला तेव्हा झांबेताने नवऱ्याचे डोळे मिटून हनुवटी बांधलीसुद्धा होती.

तो घरी आला तो चिखलाने भरलेला होता. स्मारोने त्याचे बूट काढले. काय झालं ते तिला दुसऱ्या दिवशी मेंढपाळाकडून कळलं. दफन त्याने नीट केलं. पण त्यानंतर तो घरात गुणगुणायचाही बंद झाला. जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा. आणि एका सकाळी, ती मसूर निवडत असताना, तो म्हणाला:

"स्मारो, मला वाटतं तो माझ्या मनाचाच खेळ होता."

"कोणता?"

"तो सिग्नलवरचा. माणसं पाद्रीविना मरू नयेत म्हणून आलो, आणि तो माणूस एका डोंगरापलीकडे तसाच गेला. देवाने बोलावलं असतं तर मला वाट दाखवली नसती का? आपण परत जाऊ. मी बिशपना सांगतो, माझं चुकलं."

हेच वाक्य ऐकायला स्मारो कितीतरी दिवस आसुसली होती. कधीकधी कपडे वाळत घालताना ती त्याच्या तोंडी ते घालून बघायची. आता तो खरंच ते बोलला, तर तिला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच.  तिने मसुराचं ताट बाजूला ठेवलं, अंगावर कोट चढवला आणि येते म्हणून बाहेर पडली. कुठे जातेस, असं त्याने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

ती डोंगराच्या वाटेला लागली. पाऊस थांबला होता. झांबेताच्या घरी जाऊन नवऱ्याच्या वतीने माफी मागावी, असं काहीतरी डोक्यात होतं. नीट ठरलं नव्हतं. घर सापडलं. म्हातारी चुलीशी बसली होती आणि तिच्या डोक्यावर केसांचं नुसतं जाळं झालं होतं, दफनाच्या दिवसापासून फणी लागली नसावी. स्मारोने तोंड उघडलं, पण माफीऐवजी ती बोलली ते वेगळंच.

"आजी, पाणी तापवू का? केस धुऊन देते."

झांबेताने तिच्या लाल केसांकडे बघितलं आणि मान हलवली. स्मारोने पाणी तापवलं, म्हातारीची मान आपल्या हातावर घेतली आणि हळूहळू धुवायला लागली. गुंता इतका होता की काही ठिकाणी कापावं लागलं. पाणी फार कढत आहे, अशी कुरकुर म्हातारीने केली. मग साबणाला वास बरा आहे म्हणाली. मग आपण होऊन सांगायला लागली. फोतिस सारखा दाराकडे बघत होता. पाद्री येतायत का, असं विचारायचा. मी म्हटलं, निघालेत, वाटेत आहेत. बरं म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा मी तेच सांगितलं. मागच्या वर्षी माझी बहीण गेली तेव्हा असं काही सांगायलाच नव्हतं, झांबेता म्हणाली, कोणी निघालेलंच नव्हतं ना.

स्मारोने तिच्या केसांवर आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

"तुम्ही जाणार ना आता?" म्हातारीने डोळे मिटल्यामिटल्या विचारलं. "मास्तर आले ते गेले. नर्स आली ती गेली."

"नाही," स्मारो म्हणाली.

हे उत्तर कुठून आलं ते तिला कळलं नाही. बिशपपुढे होकार गेला होता अगदी तसंच हेही आपोआप गेलं होतं. मग फणी घेऊन तिने म्हातारीची वेणी घातली.

घरी आली तेव्हा लाझारोस तिथेच बसला होता. मसूर मात्र त्याने निवडून ठेवले होते. तिने त्याला झांबेताचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

"ती चांगली बाई आहे म्हणून तसं म्हणाली," तो म्हणाला.

"असेल."

"म्हणजे माझं चुकलं नाही, असं तुला वाटतं?"

"ते मला कसं माहीत असणार? चुकलंही असेल." ती त्याच्यासमोर बसली. "पण तुझ्या त्या सिग्नलवर विश्वास ठेवून मी आले नव्हते, लाझारोस. ते मला आज कळलं. तो खरा होता की खोटा, त्याने माझं काही अडत नाही."

"मग कशावर विश्वास ठेवून आलीस?"

स्मारो विचारात पडली. सांगायचं तर खूप होतं आणि त्यातलं काहीच धड शब्दांत बसत नव्हतं. "नीट सांगता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "आपलं चुकलं असेल तर देवसुद्धा आपल्याबरोबर चुकलेल्या वाटेने येईल, असं काहीतरी. कलामारियातच थांबून राहणार नाही. मला इथे तो कुठे सापडत नाही, खरं सांगते. पण तो इथे नाही, असं म्हणायलाही माझी जीभ वळत नाही."

 लाझारोसने उठून चूल पेटवायला घेतली. बिशपना सांगायचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

तो एकदम बरा झाला असं नाही. ईस्टरआधीचे लेंटचे उपास सुरू होईपर्यंत तो कमीच बोलायचा. पण मेंढपाळाला सोबत घेऊन त्याने डोंगराची वाट चार वेळा पायाखाली घातली, आणि फोतिसच्या नावाने गहू उकडले त्या दिवशी, पुष्कळ दिवसांनी, तो पुन्हा मोकळ्या गळ्याने गायला. गव्हात डाळिंबाचे दाणे घालायचे की बदाम यावरून बायकांचं चर्चच्या दारातच भांडण लागलं आणि स्मारोला त्यांनी ढकलून बाजूला केलं. झांबेता वेणी घालून आली होती. लांबवतात खरं, पण गातात बरं, असं ती शेजारणीला म्हणाली.

वारा पडल्यावर पहिल्या बोटीने बिशप आले. घरात बसून त्यांनी कॉफी घेतली, भिंतींची ओल बघितली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की दुसरीकडे बदली हवी का? मोठ्या बेटावर एक जागा रिकामी होती, शाळा-दवाखाना असलेली.  लाझारोसने स्मारोकडे बघितलंही नाही, आपल्या हातांकडे बघत राहिला. या खेपेला तो तिच्या पदरात काही टाकत नव्हता हे तिच्या लक्षात आलं.

"सध्या राहतो," अखेर तोच म्हणाला. "का ते विचारू नका, मला सांगता येणार नाही."

बिशपनी मान डोलावली.

त्यांना सोडायला दोघं धक्क्यावर गेली. बोटीवर भाजीच्या रिकाम्या पेट्या चढवत होते. स्मारोला एकाएकी त्या बोटीत जाऊन बसावंसं वाटलं, इतकं की तिने लाझारोसचा दंड धरला. कलामारियातला तो संध्याकाळचा गजबजाट, आईचं स्वयंपाकघर, वासोची बडबड सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि डोळे भरून आले. बोटीने भोंगा दिला, दोर सोडले. ती दंड धरून उभी राहिली. आपण का जात नाही हे तिला तेव्हाही कळलं नाही. बोट टोकाला वळून दिसेनाशी झाल्यावर तिला आठवलं की चुलीवर वाल शिजत ठेवलेत आणि पाणी आटलं असेल, आणि ती चढाच्या वाटेने भराभर घराकडे निघाली.